दहावीतल्या मुलाचा प्रश्न: एसपीआय आणि पुढे एनडीए, माझा नंबर लागेल का?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. माळशिरस तालुक्यातलं गाव, यंदा दहावी, सेमी-इंग्रजी. सराव परीक्षेत ८९ टक्के, गणितात ८४. शाळेच्या कबड्डी संघात आहेस, सोळाशे मीटर सहा मिनिटांच्या आत पळतोस. चष्मा आहे, पाऊण नंबरचा. घरी दोन एकर रान आणि दुधाचा धंदा. एनसीसी नाही, घराण्यात कोणी फौजेत नाही. एसपीआयला, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेला, लागेल का, पुढे एनडीए, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची प्रबोधिनी, होईल का, ते टक्क्यांत सांगा असं म्हणतोस. वडील एका अकॅडमीत अडीच लाख भरायला निघालेत. आणि धाकटी बहीण सहावीत आहे, तिलाही वर्दी हवी आहे.

टक्क्यांत सांगणार नाही. सांगता येत नाही म्हणून नव्हे, भागाकार कुणालाही येतो. एनडीएच्या एका परीक्षेला फॉर्म लाखांनी येतात आणि जागा चारशेच्या घरात असतात. २०२५ च्या जाहिरातींत ४०६ होत्या, त्यातल्या ३७० एनडीएच्या आणि ३६ नौदल अकादमीच्या. भागाकार कर, पोटात गोळा येईल. पण त्या लाखांत मित्राने भरला म्हणून फॉर्म भरलेले आहेत, परीक्षेला न येणारे आहेत, गणित दहावीलाच सोडून दिलेले आहेत. त्यांना तुझ्या भागाकारात कशाला घेतोस?

मी नोकरीतली तीन वर्षं एका निवड मंडळावर जीटीओ होतो. म्हणजे मैदानावर आठ-दहा मुलांचा गट हातात फट्टा (फळी), बल्ली (लाकडी वासा), रस्सी घेऊन झगडत असतो तेव्हा बाजूला वही घेऊन उभा असतो तो माणूस. निवृत्तीनंतर दर रविवारी पोरांना घेऊन मैदानावर असतो, पैसे घेत नाही. इतकी वर्षं पाहून माझं मत एवढंच झालंय की ही एक परीक्षा नाहीच, ओळीने चार-पाच दारं आहेत आणि प्रत्येक दारात वेगळ्या प्रकारचा मुलगा अडकतो. गणितात हुशार असलेला बोलायच्या दारात अडकतो, बोलका गणिताच्या दारात, दोन्ही जमणारा डॉक्टरपुढे. तू नेमका कोणत्या दारात अडकशील हे आत्ता, पंधराव्या वर्षी कळलं तर हातात दोन वर्षं आहेत. म्हणून एकेक दार बघू.

पहिलं दार एसपीआयचं. छत्रपती संभाजीनगरची ही संस्था राज्य सरकारने १९७७ साली काढली, महाराष्ट्रातली पोरं अधिकारी म्हणून फारच कमी जातात म्हणून. शिपाई भरतीला आपल्याकडे गावंच्या गावं जातात, पण अधिकाऱ्यांच्या यादीत मराठी आडनावं शोधावी लागतात, हे दुखणं जुनं आहे. दहावी झालेल्या मुलांना दोन वर्षं वसतिगृहात ठेवून अकरावी-बारावी सायन्स आणि सोबत एनडीएची तयारी, असा बेत. राहण्याचा आणि प्रशिक्षणाचा मोठा भार सरकार उचलतं. जागा साठेक. उन्हाळ्यात लेखी परीक्षा होते, त्यातून मुलाखतीला बोलावतात.

लेखी म्हणजे गणित आणि सामान्य क्षमता, पर्यायांचे प्रश्न, चुकलं तर गुण कापतात. इथे तुझ्यासारख्या ८४ वाल्यांची पहिली ठेच लागते. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, इथे पायरी कुणी बघत नाही. बोर्डात एका गणिताला पाच मिनिटं देता येतात, इथे एक-सव्वा मिनिट मिळालं तरी भाग्य. माझ्याकडे बोर्डात ९५ मिळवलेला एक मुलगा होता. पहिल्या सरावात त्याचे अर्धे प्रश्न कोरे राहिले, कारण प्रत्येक गणित तो "दिलेले, सिद्ध करा" पासून मांडत होता. तुला सांगतो ती सवय आजपासून लाव: आठवी, नववी, दहावीची गणिताची पुस्तकं काढ, त्यातलं उदाहरण घे आणि कागदावर कमीत कमी लिहून उत्तरापर्यंत पोच. वर्ग तीसपर्यंत, घन पंधरापर्यंत, पाढे पंचविसापर्यंत तोंडपाठ. आपल्या आजोबांच्या पिढीला दिडकी-अडीचकी पाठ होती, ती आज या परीक्षेला बसली असती तर कट-ऑफ वर गेला असता.

एसपीआयच्या मुलाखतीत फार खोल काही विचारत नाहीत, पण घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला पोरगा खुर्चीवर आक्रसून बसतो आणि मान हलवून उत्तर देतो. तू कसा बसतोस ते मला माहीत नाही. जाहिरात आली की सगळ्यात आधी जन्मतारखेची चौकट बघ आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव. जूनमध्ये सेतू केंद्रासमोरची रांग कशी असते ते माहीत असेलच.

एसपीआयला नाही लागला तर? तर काहीही संपत नाही. हे दार वळसा घालून ओलांडता येतं. माझ्या रविवारच्या मुलांपैकी जी पुढे गेली त्यातली बरीचशी एसपीआयची नव्हती. तालुक्याच्या कॉलेजात बारावी करून आलेली होती. फक्त अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सोडू नकोस. एनडीएत लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते हे खरं, पण हवाई दल आणि नौदलाला हे विषय लागतात, आणि गणिताचा पेपर तर सगळ्यांना एकच.

आता खुद्द एनडीएची लेखी. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीत असतानाच बसता येतं, म्हणजे हुकलं-चुकलं धरून चार-पाच संधी मिळतात. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुण. त्या ६०० मध्ये २०० इंग्रजीचे. गणितात १२० प्रश्न अडीच-अडीच गुणांचे, दुसऱ्यात १५० प्रश्न चार-चार गुणांचे, आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा तिसरा हिस्सा वजा.

वही काढ आणि माझ्याबरोबर हिशेब कर. समज, गणितात तू १२० पैकी फक्त ६० प्रश्नांना हात लावलास. ४८ बरोबर, १२ चूक. ४८ गुणिले अडीच म्हणजे १२०, वजा १०, राहिले ११०. दुसऱ्या पेपरात १५० पैकी ९० सोडवलेस, ६६ बरोबर, २४ चूक. २६४ वजा ३२, म्हणजे २३२. एकूण ३४२. अर्धं गणित कोरं सोडून ३४२.

हे कुठे बसतं? लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी २०२३ मध्ये आधी ३०१ आणि मग २९२ होता, २०२४ मध्ये २९१ आणि ३०५. चारही वेळा तू आत. २०२२ च्या पहिल्या परीक्षेला मात्र ३६० लागला होता, तिथे तू बाहेर. आणि २०२१ च्या पहिल्या परीक्षेला ३४३. एका गुणाने गेला असतास. दुसऱ्या पेपरातला एक चुकलेला अंदाज कोरा सोडला असतास तर आत असतास. म्हणून मी पोरांना सांगतो, काय सोडवायचं यापेक्षा काय सोडायचं ते शीक. शिवाय प्रत्येक पेपरात किमान गुणांची अट असते, त्यामुळे नुसत्या गणितावर किंवा नुसत्या इतिहास-भूगोलावर तरून जाता येत नाही.

८४ गुण आणि दोन वर्षं हातात असलेल्या मुलाने या दारात अडकू नये. अडकलास तर इंग्रजीत अडकशील. तुझा प्रश्न मराठीत छान लिहिलायस, पण सेमी-इंग्रजीचा अर्थ आपल्याकडे गणित-विज्ञान पुस्तकात इंग्रजी आणि फळ्यासमोर मराठी, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाच, गोठ्यात वाच, म्हशीला ऐकव. ती चुका काढत नाही.

लेखीनंतरचं दार म्हणजे एसएसबी, निवड मंडळापुढची चाचणी आणि मुलाखत, आणि इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुझं खरं दार हेच दिसतंय. यालाही लेखीइतकेच ९०० गुण. अंतिम यादी १८०० मधून लागते आणि तिथला शेवटचा मुलगा २०२३ च्या दुसऱ्या परीक्षेत ६५६ वर होता, २०२४ च्या पहिल्या परीक्षेत ६५४ वर. म्हणजे शंभरात साडेछत्तीसच्या आसपास. आकडा ऐकून सोपं वाटतं ना? पण आपल्या वाट्याचे गुण देताना मंडळ हात फार आखडता घेतं, आणि मंडळाने रेकमेंड केलं नाही तर लेखीचे गुण कितीही असोत, घरी.

पाच दिवसांचा मुक्काम. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग. आधी बुद्धिमत्ता चाचणी, मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. मग गटात बसून प्रत्येकाने आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. त्या दुपारी यादी वाचतात. ज्यांचा चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांक, येत नाही त्यांना त्याच संध्याकाळी गाडीने स्टेशनवर सोडतात. मोठा घोळका असतो तो. मी स्वतः सतराव्या वर्षी त्या गाडीत बसलोय. गटात पंधरा जण एकदम ओरडत होते, मी "यांचं झालं की बोलू" म्हणून थांबलो आणि त्यांचं झालंच नाही. पुढे पदवीनंतर सीडीएसमधून, म्हणजे पदवीधरांसाठीच्या यूपीएससीच्या परीक्षेतून, गेलो. तेव्हा पहिल्या वेळी परत आलास तर तोंड लपवू नकोस.

आपल्याकडच्या मुलांचं तिथे काय होतं ते बाजूला उभं राहून पाहिलंय. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. संस्कार चांगलाच आहे, पण त्या गोलात तो पायात येतो. मग पोरगा क्लासमध्ये जातो, तिथे सांगतात, ओरडून बोल, पहिला बोल. पुढच्या वेळी तो ओरडतो, आणि तेही कुणी ऐकत नाही. तिथे बघतात एवढंच की गडबडीत तुझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं का आणि ते तू चार लोकांच्या कानांपर्यंत नेलंस का. आवाज न चढवता "चेस्ट नंबर सातचं बरोबर आहे, त्यात एवढंच जोडू या" म्हणणारा मुलगा माझ्या वहीत नेहमी ठळक यायचा.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या. बारा चित्रांवर गोष्टी, त्यातलं शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिही. साठ प्रसंग, अर्ध्या तासात काय करशील ते लिही. हे इतकं भराभर करून घेतात की बनाव करायला वेळ राहू नये. म्हणून पाठ केलेली उत्तरं तिथे पकडली जातात. गेल्या वर्षी एका अकॅडमीतून आलेल्या चौघांना मी सरावाला चित्र दिलं, नदीकाठी उभी बाई. चौघांच्या गोष्टीत पूर आला, चौघांच्या नायकाचं नाव रवी, चौघांनी गावकऱ्यांना गोळा करून धरण बांधलं. त्या बाईचं काय झालं, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

मग दोन दिवस मैदान. जमिनीला स्पर्श करता येणार नाही असे भाग आखलेले असतात, लाल रंगवलेल्या जागांना हात लावायचा नाही, आणि गटाने फट्टा-बल्ली-रस्सीने पलीकडे जायचं, सोबत एक ओझं घेऊन. इथे तुझ्यासारख्या मुलाला मी झुकतं माप देतो, खोटं कशाला बोलू. ज्याने बैलगाडीचं रुतलेलं चाक काढलंय, विहिरीवरची मोटर दोराने उतरवलीय, त्याला तरफ शिकवावी लागत नाही. शहरी मुलगा फट्टा नुसता टाकतो. तुझ्यासारखा मुलगा आधी मागच्या टोकावर कुणाला तरी उभं करतो. पण हे मनात समजून उपयोग नाही, "तू मागे उभा राहा, मी पुढे जातो" हे सांगावं लागतं. ग्राउंडवर हिंदी-इंग्रजीची खिचडी चालते, व्याकरण कुणी तपासत नाही. कबड्डीत तू कोपरा राखतोस की चढाई करतोस? चढाई करणारा एकटा निर्णय घेतो, कोपरा राखणारा साखळी धरून खुणा करत असतो. दुसरा असशील तर अर्धं काम झालेलं आहे.

मुलाखत. त्याआधी एक माहितीपत्रक भरून घेतात, पीआयक्यू म्हणतात. शिक्षण, खेळ, छंद, घरच्यांचा व्यवसाय, उत्पन्न, कोणत्या जबाबदाऱ्या पार पाडल्या. पोरं छंदाच्या रकान्यात वाचन, क्रिकेट, समाजसेवा लिहितात आणि वडिलांच्या व्यवसायापुढे "शेती" एवढा एकच शब्द. मग समोरचा अधिकारी त्या शेतीतच शिरतो.

तुझं उदाहरण घेऊ. तो विचारेल, दूध किती लिटर जातं? सकाळी किती, संध्याकाळी किती? फॅट किती लागते? एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, किती? गाईच्या दुधाला साडेतीन-साडेआठला जो दर असतो, तुमचा त्याच्या वर लागतो की खाली? फॅट कमी आली तर काय करता? पेंडीचं पोतं केवढ्याला? मग महिन्याला हातात काय उरतं? तुझ्या वडिलांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. तू सांगशील का? माझ्याकडे आलेल्या दूधवाल्यांच्या दहा पोरांपैकी दोघांना सांगता आलं. बाकीच्यांनी राफेल विमानाचा वेग पाठ केला होता. ज्याला स्वतःच्या घराचा हिशेब माहीत नाही, त्याच्या ताब्यात तीस जवान कसे द्यायचे, हा विचार समोरच्याच्या मनात येतोच.

म्हणून माझा अभ्यासक्रम विचित्र वाटेल. या सुट्टीत डेअरीची वही तू लिही. दहा दिवसांचा हिशेब डेअरीवर जाऊन तू मिटव, कापलेले पैसे का कापले ते विचारून ये. गाय आजारी पडली तर डॉक्टरांना फोन तू कर. गणपतीत मंडळाची वर्गणी आणि खर्च लिहायचं काम मागून घे, आणि शेवटी चार जणांसमोर उभा राहून वाचून दाखव. यातलं काही एसएसबीसाठी करतोय असं सांगायचं नाही. दोन वर्षं केलंस की त्या साठ प्रसंगांत "तुम्ही प्रवासात आहात आणि पाकीट हरवलं" असं आलं की तुझा हात आपोआप लिहील.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. सगळे अधिकारी एका खोलीत, तू दोन मिनिटं आत, आणि नंतर बाहेर नंबर वाचतात. पाच दिवस राहून शेवटी नंबर न आलेल्या मुलांचा चेहरा बघवत नाही. पण वय असेतोवर पुन्हा जाता येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला झालेले खूप आहेत. एक व्यवहाराची गोष्ट: त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासभाडं मिळतं, तिकीट जपून ठेव.

मेडिकलचं दार पटकन बघू. चष्मा उणे नंबरचा असेल तर हवाई दलाचं फ्लाइंग तुला बंद आहे, ते मनातून काढून टाक. नौदल दृष्टीबाबत कडक आहे. लष्कराला हा नंबर चालतो, पण तो वाढू देऊ नकोस. मोबाइल अंथरुणात घेऊन झोपत असशील तर ते आजपासून बंद. रंगांधळेपणा एकदा तपासून घे, ठिपक्यांतले आकडे ओळखायचे असतात, पाच मिनिटांचं काम आहे. उभा राहून गुडघे एकमेकांना टेकतात का, तळपाय सपाट आहे का, कानात मळ, नाकाचा पडदा, हेही एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून बघून घे. काही गोष्टी बरं करता येण्यासारख्या असतात आणि त्या बारावीनंतर नव्हे तर आत्ता करायच्या असतात. आणि जत्रेत हातावर गोंदवून घेऊ नकोस. नावही नाही, देवही नाही. त्याचे नियम आहेत आणि त्यात अडकलेला मुलगा मी पाहिलाय. पहिल्या तपासणीत अनफिट ठरवलं तरी अपील करता येतं, ४२ दिवसांची मुदत असते. लोक घाबरून घरी बसतात.

आणि हे सगळं पार करूनही मेरिट लिस्टचं दार उरतं. रेकमेंड झालेला, मेडिकल पास झालेला मुलगा यादीत नसतो, असं होतं. तिथे लेखीचे चाळीस गुण जास्त असते तर, असं मग वर्षभर वाटत राहतं. कट-ऑफपुरता अभ्यास करायचा नाही तो एवढ्यासाठी.

आता हा भाग वडिलांना वाचून दाखव.

भाऊ, नमस्कार. अडीच लाख भरू नका. नववी-दहावीच्या मुलाला "एनडीए फाउंडेशन" म्हणून दोन वर्षं कोंडून ठेवणाऱ्या जागा मी पाहिल्यात, पहाटे पळवतात आणि दुपारी तेच बोर्डाचं पुस्तक शिकवतात. बारावीनंतर लेखी पास झाला आणि एसएसबीचा अनुभव हवा असेल तर पंधरा-वीस दिवसांचा एखादा सराव वर्ग पुरतो, तोही माजी अधिकारी चालवत असेल तरच. ९९ टक्के निकाल सांगणाऱ्याला विचारा, शंभर मुलं कुठून मोजली? एनडीएत गेल्यावर शिक्षण, राहणं, खाणं, सगळं सरकारचं. तीन वर्षांनी जेएनयूची पदवी मिळते आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीतल्या शेवटच्या वर्षात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन सुरू होतं. सुरुवातीला कपडे आणि खिशाला लागणारे काही हजार तेवढे तुमचे. मात्र एक कागद नीट वाचून सही करा: मुलगा स्वतःच्या मर्जीने मधूनच सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागतात. म्हणून तुमच्या हौसेपायी पाठवू नका, तो खडकवासल्याच्या पहिल्या टर्मला रडेल तेव्हा त्याचं स्वतःचं कारण त्याच्याजवळ हवं. आणि त्याच्या हातात डेअरीचा हिशेब द्या. दोन-चारशे रुपयांनी चुकला तर चुकू द्या, अडीच लाखांपेक्षा स्वस्त पडेल.

बहिणीचं. तिच्या वाटा तुझ्यापेक्षा कमी नाहीत आणि तिच्याकडे वेळ जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला आली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पास आउट झाल्या. राज्य सरकारने एसपीआयसारखीच मुलींची संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू केलीय, ती दहावीनंतरची. पण सहावीत आहे म्हणजे तिच्यासाठी त्याआधीचं एक दार उघडं आहे: डेहराडूनचं आरआयएमसी, म्हणजे शाळकरी वयातच घेणारी लष्करी निवासी शाळा. प्रवेश आठवीत, वय साडेअकरा ते तेरा, मुलींनाही आता घेतात आणि आपल्या राज्यात अर्ज पुण्याच्या परीक्षा परिषदेकडे जातो. जागा अगदी मोजक्या आहेत, पण वय एकदा उलटलं की ती संधी पुन्हा येत नाही. तुझ्या फॉर्मच्या गडबडीत तिची जन्मतारीख विसरू नका.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: एसपीआयची लेखी तुझ्या आवाक्यात आहे, वेग वाढवलास तर. एनडीएची लेखी दोन वर्षांत नक्की आवाक्यात, इंग्रजी सुधारलीस तर. मेडिकल लष्करापुरतं ठीक दिसतंय. एसएसबीचं मी काही बोलणार नाही, कारण तू लिहिलेल्या पानभर मजकुरात टक्के आहेत, मिनिटं आहेत, चष्म्याचा नंबर आहे, पण तू स्वतः अंगावर घेतलेलं एकही काम नाही. कदाचित असेल, सांगण्यासारखं वाटलं नसेल. आपल्याकडच्या मुलांना ते वाटतच नाही. आणि समजा सगळ्या खेपा हुकल्या, तरी पदवीनंतर सीडीएस आहे, हवाई दलाची एएफसीएटी ही प्रवेश परीक्षा आहे, जेईई मेन दिलीस तर बारावीनंतर टेक्निकल एंट्री आहे. मी मागच्याच दाराने गेलो आणि पुढच्या दाराने आलेल्यांच्याच मेसमध्ये जेवलो.

बोर्डाची परीक्षा झाली की पुन्हा लिही. त्या पत्रात गोठ्यात जनावरं किती, त्यातली दुभती किती आणि कालच्या दुधाला फॅट किती लागली, हे वडिलांना न विचारता लिहायचं.